पासष्ट रत्तल

बोलतोय तो मी एक काटा आहे, जनावरं तोलायचा. माझं बोलणं कितपत खरं धरावं, हे मलाही नीट सांगता येणार नाही. आकडा विचाराल तर तो मी बरोबर सांगेन. आकड्याच्या पुढचं काही विचारलंत, तर मी अडखळतो.

मी परदेशात ओतला गेलो. खाली लोखंडी चौकट, वर जाड फळी, बाजूला एक खांब आणि खांबावर पितळी दांडी. फळीवर ओझं आलं की दांडी उचलली जाते. दांडीवरचं सरकतं वजन पुढं पुढं ढकलत न्यायचं, आणि दांडी आडवी होऊन स्थिर झाली की तिथला रत्तलांतला, म्हणजे पौंडांतला, आकडा वाचायचा. माझं सगळं शिक्षण एवढंच. ते पुरेसं आहे असं मला फार वर्षं वाटत होतं.

सोलापुरात मी प्रथम आलो तो स्टेशनजवळच्या कापूस दाबायच्या कारखान्यात. दिवसभर माझ्यावर कापसाच्या गाठी येत. ते दिवस सुखाचे होते असं आता वाटतं. तेव्हा कंटाळा यायचा. गाठीचं एक बरं असतं. अर्धी गाठ ही सगळ्या बाबतींत अर्धीच असते. तिच्यात कापूस अर्धा, तिला सुतळी अर्धी, ती उचलायला हमालही अर्धे. जगात सगळं असंच असतं, अशी माझी समजूत तिथंच झाली.

कारखाना बंद पडला आणि मला डॉक्टर सिद्धाराम यांनी घेतलं.

डॉक्टर मूळचे मंद्रूपचे. मुंबईला जाऊन गुरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेले, मोठ्या लढाईत फौजेच्या घोड्यांवर उपचार करून आलेले. परत आले तेव्हाच त्यांचे केस पिकले होते. बाळीवेशीच्या बाहेर पत्र्याची लांब शेड बांधून त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला होता. तिथं दारातच खड्डा खणून मला असं बसवलं की माझी फळी जमिनीशी सपाट झाली. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जिवाचा पाय माझ्यावर पडे.

दवाखान्यात येडू म्हणून एक मदतनीस होता. पन्नाशीचा, काटक, जनावराचे पाय बांधण्यात वस्ताद. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "अप्पा, हितं काय कापूस यायचाय का?"

"फौजेत आम्ही घोड्याकडं नुसतं बघून गुंगीचं औषध द्यायचो," डॉक्टर म्हणाले. "काही कापताकापताच जागे झाले. काही जागेच झाले नाहीत. आता अंदाज नको, येडू. आधी वजन, मग औषध."

औषध म्हणजे क्लोरल. पांढरे खडे पाण्यात विरघळवायचे आणि नाकातून नळी घालून जनावराच्या पोटात सोडायचे. उग्र वास होता त्याचा. तो माझ्या फळीत अजून आहे, असं मला वाटतं. कुणी वास घेऊन पाहिलेलं नाही.

लोकांना मात्र माझी भीती वाटली. जिवंत जनावर काट्यावर घालणं त्यांच्या मनाला पटेना. तोलायचं ते खाटकानं. चन्नम्मा नावाची बाई गाभण म्हैस घेऊन आली होती, तिनं दारातच पाय रोवले.

"अय्यो, खाटकावानी तोलताय की हो माज्या म्हशीला! नजर लागली म्हंजे?"

"लागली तर माझीच लागेल, चन्नम्माक्का. माझी नजर औषधाची आहे."

"सगळ्यांचीच नजर कशाकशाची असती," ती म्हणाली, आणि कमरेच्या पिशवीतून लिंबू काढून तिनं म्हशीवरून ओवाळलं, कापलं आणि माझ्या कोपऱ्यावर पिळलं. मगच म्हैस वर चढली.

तेव्हापासून ती रीतच पडली. जो तो लिंबू घेऊन येई. येडू कुरकुरायचा, काटा गंजेल म्हणायचा. डॉक्टर म्हणत, "त्यांची भीती जाते आणि काट्याचा एक कोपरा जातो. जाऊ दे." तो कोपरा खरंच गेला. पण त्यामुळं आकड्यात कधी फरक पडला नाही, हे मला सांगितलं पाहिजे.

घोड्यांचं आणि टांग्याच्या तट्टांचं डॉक्टरांना चांगलं जमू लागलं. वजन करायचं, त्या मानानं क्लोरल द्यायचं, जनावर आडवं व्हायचं आणि वेळेवर उठायचं. मग एक दिवस सांगोल्याकडचा धुळाप्पा धनगर मेंढा घेऊन आला. मेंढ्याच्या मागच्या पायावर नारळाएवढी गाठ होती, ती कापायची होती.

"डाक्टर, मेंढा इकायचा न्हाय मला. तोलताय कशाला?"

"वजन कळल्याशिवाय औषध किती द्यायचं ते कसं कळणार?"

"गुत्तेवाल्यानं माजं वजन बगून कदी दारू दिली न्हाय. तरी बराबर चडती की!"

येडू हसला. डॉक्टरही हसले आणि म्हणाले, "तुला किती लागते?"

"मला लई लागती. माज्या थोरल्या भावाला नुसत्या वासानं चडती. आन् त्यो माज्याहून दांडगा हाय."

डॉक्टरांनी हे हसण्यावारी नेलं. मीही नेलं. मेंढा फळीवर चढला, दांडी स्थिर झाली. पासष्ट रत्तल. घोड्याच्या नवव्या हिश्शाएवढा. म्हणून डॉक्टरांनी घोड्याच्या औषधाचा नववा हिस्सा काढला आणि नळीनं पोटात सोडला.

मेंढा झोपला नाही. त्यानं ढेकर दिला आणि उभ्या उभ्या रवंथ करू लागला.

"डाक्टर, त्येला आवडलं बगा," धुळाप्पा म्हणाला. "आनकी एक गिलास द्या!"

डॉक्टरांनी वाट पाहिली. आणखी थोडं दिलं, मग आणखी थोडं. हिशोबाच्या जवळजवळ दुप्पट झालं तेव्हा मेंढ्यानं मान टाकली. गाठ निघाली, टाके पडले, आणि दुपारच्या गिरणीच्या भोंग्याला मेंढा उठून उभा राहिला. येडूची पाठ दिसताच त्यानं त्याला अशी धडक दिली की येडू चाऱ्यात जाऊन पडला. धुळाप्पा तर माझ्यावरच बसून हसत सुटला.

त्या संध्याकाळी डॉक्टर फार आनंदात होते. चहा पिता पिता ते येडूला समजावत होते. "हंडाभर पाणी तापवून ठेवलंस तर निवायला वेळ लागतो. पेलाभर लगेच निवतं. लहान अंगाची ऊब अशी भराभर उडून जाते, म्हणून लहान जिवाला आतली चूल जोरात पेटती ठेवावी लागते. त्याच चुलीत तो औषधही जाळून टाकतो. म्हणजे जीव जितका लहान, तितकं त्याला वजनाच्या मानानं औषध जास्त. कळलं?"

"मला येवडं कळलं, की मेंढ्याकडं पाट करायची न्हाय," येडू म्हणाला.

पुढं शेळ्या आल्या, कुत्री आली. प्रत्येक वेळी तेच खरं ठरलं. डॉक्टरांनी शेडच्या चुना दिलेल्या भिंतीवर कोळशानं जनावरं काढली: खाली कुत्रा, मग शेळी, मेंढा, तट्टू, बैल. प्रत्येकापुढं वजन आणि औषध. आणि त्या सगळ्यांमधून जाणारी एक वाकडी रेघ. वर हत्तीसाठी जागा सोडली होती. हत्ती कधी आला नाही.

रेघ सुंदर होती. कुठल्याही वजनाचं जनावर आलं की डॉक्टर माझा आकडा वाचत, भिंतीकडं बघत आणि औषध किती ते सांगत. आपण आता नुसता आकडा सांगत नाही, आपण जीव वाचवतो, असं मला तेव्हा वाटू लागलं होतं. असं वाटणं बरोबर होतं की काय, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. निष्कर्ष निघालेला नाही.

स्टेशनच्या स्टँडवर गैबीसाब म्हणून एक टांगेवाला होता. आजोबांपासून टांगा चालत आलेला. त्याची घोडी निळसर करड्या रंगाची, नाव अस्मानी. ती महिन्यातून एकदा तरी काही ना काही दुखण्यासाठी येई, आणि गैबीसाब तिच्याशी इतकं अदबीनं बोले, की येडू म्हणायचा, "घरच्या बाईशी असं बोलला असता तर जेवायला मटन भेटलं असतं."

"घरची बाई टांगा वढती का?" गैबीसाब म्हणायचा.

आता अस्मानीचे गुडघे गेले होते. शहरातून मोटारी धावू लागल्या होत्या, स्टँडवरचे टांगे कमी होत होते. दुसरं घोडं घेणं गैबीसाबला कधीच जमलं नसतं. अशात उतारवयात अस्मानीला शिंगरू झालं. तिच्याच रंगाचं. ते जगलं, वाढलं, तर टांगा चालणार होता. नाहीतर तो गैबीसाबबरोबर संपणार होता. स्टँडवर सगळ्यांना हे माहीत होतं.

शिंगरू काही दिवसांचं असतानाच गैबीसाब ते दोन्ही हातांवर घेऊन दवाखान्यात आला. मागं अस्मानी, मोकळी, लंगडत. शिंगराच्या बेंबीशी मोठा फुगा आला होता. डॉक्टरांनी चाचपून पाहिलं.

"अंतर्गळ आहे. आतडं बाहेर येऊन अडकलंय. आजच मोकळं केलं पाहिजे. उद्यापर्यंत आतडं कुजेल."

"करा की, डॉक्टरसाब."

"फार कोवळं आहे, गैबीसाब. येडूला घट्ट धरायला सांगतो, तसंच कापतो. लवकर उरकेन."

"जागं ठेवून?" गैबीसाबचा आवाज बदलला. "नको, नको. तसं नका करू. मागं एक वासरू तसं कापलं होतं तुमी, मी भायेर हुतो. अजून ऐकू येतंय मला. त्येला झोपवा, साब. मेंढराला झोपवता, माज्या बाळाला नाही?"

डॉक्टरांनी भिंतीवरची रेघ पाहिली. मग म्हणाले, "ठीक आहे. काट्यावर घे."

शिंगरू उभं राहीना. म्हणून गैबीसाबच त्याला घेऊन माझ्यावर चढला. नंतर ते येडूच्या हाती देऊन तो एकटा उभा राहिला. एकातून एक वजा केलं. डॉक्टरांनी आकडा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"येडू, किती भरलं सांग? पासष्ट. धुळाप्पाच्या मेंढ्याएवढंच. तेवढंच अगदी."

लिंबू ओवाळायचं गैबीसाब विसरला होता. येडूनं आठवण केली, तर तो म्हणाला, "अल्ला बघून घेईल."

मेंढ्याला जेवढं दिलं होतं, तेवढंच औषध दिलं. रेघेवर बरोबर बसत होतं. आकड्यात चूक नव्हती, रेघेत चूक नव्हती, औषध तोलण्यातही चूक नव्हती. मी तिथंच होतो.

शिंगरू लगेच झोपलं. डॉक्टरांचा हात हलका होता; त्यांनी आतडं सोडवलं, आत सारलं, वर बारीक टाके घातले. इतकं स्वच्छ काम मी त्यांच्या हातून पाहिलं नव्हतं. दुपारचा भोंगा झाला. गैबीसाबनं शिंगराचं तोंड मांडीवर घेतलं आणि वाट पाहू लागला.

"उठ रे राजा. अम्मी बुलाती देख."

अस्मानी बाहेर दाव्याला होती. तिच्या सडांतून दूध गळत होतं.

शिंगराचा श्वास लांबत चालला. डॉक्टरांनी बरगड्या दाबून श्वास चालवला, नाकाशी अमोनिया धरला, कढत काळी कॉफी नळीनं पोटात घातली. येडू अंग चोळत होता. सगळे घामानं निथळले. संध्याकाळच्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा डॉक्टरांनी शिंगराच्या छातीवरचा कान उचलला आणि कुणाकडंही न बघता हात धुवायला गेले.

"दवा जादा झाली का, डॉक्टरसाब?" गैबीसाबनं विचारलं.

"वजनाच्या मानानं बरोबर होती."

"मग?"

डॉक्टरांनी हात पुन्हा धुवायला घेतले. गैबीसाबनं शिंगरू दोन्ही हातांवर घेतलं आणि दाराकडं निघाला. बाहेर जायचं तर माझ्यावरूनच जावं लागतं. सकाळी वजाबाकी ताडून पाहायला येडूनं सरकतं वजन पुन्हा त्या दोघांच्या आकड्यावर नेऊन ठेवलं होतं. त्यानंतर ते कुणी हलवलं नव्हतं. गैबीसाबचा पाय पडला आणि दांडी आडवी झाली. अगदी स्थिर. सकाळच्यासारखी.

डॉक्टरांनी ते पाहिलं. मला तेव्हा हलता आलं असतं तर बरं झालं असतं. काहीतरी फरक दाखवायला हवा होता, असं वाटतं. पण फरक नव्हता.

बऱ्याच दिवसांनी ते येडूशी बोलले. "मेंढा लहान होता, पण पुरा झालेला होता. ते शिंगरू लहान होतं, कारण ते अजून व्हायचंच होतं. आतली चूल नीट पेटलेलीच नव्हती, येडू. दोघांचं वजन सारखं भरलं, आणि मी दोघांची चूलही सारखीच धरली."

पुढं एक वासरू आलं. येडू म्हणाला, "अप्पा, झोपवा की. जरा कमी औषध द्या."

"किती कमी?"

येडू वासराच्या पाठीवर हात फिरवू लागला.

"निम्मं? पाव? ते शोधायला अजून किती वासरं लागतील? माझं वासरू पणाला लाव म्हणणारा मालक आण, मग शोधू." वासरू बांधून, जागं ठेवून कापलं. ते माझ्यावरच आडवं पाडलं होतं. त्याच्या धडपडीनं दांडी वरखाली आपटत राहिली, आकडा काही लागला नाही.

त्यानंतर लहान जनावरं अशीच कापली गेली. हे बरोबर की ते बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही. मोठ्यांना औषध मिळत राहिलं, पण डॉक्टर प्रत्येक वेळी जरा कमीच देऊ लागले, आणि मग ती अर्धवट जागी होऊन लाथा झाडू लागली. लोक यायचे कमी झाले. दिवाळीला येडूनं भिंतीला चुना द्यायला काढला. कोळशाच्या रेघेपाशी थांबून त्यानं विचारलं, "हे ठेवू का, अप्पा?" डॉक्टर वर्तमानपत्र वाचत होते. येडूनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुसून टाकलं.

दवाखाना बंद झाल्यावर मी स्टेशनमागच्या लाकडाच्या वखारीत आलो. बाभळीचे ओंडके, कडुलिंबाच्या ढलप्या. पुन्हा गाठींसारखंच, अर्धा ओंडका सगळ्या बाबतींत अर्धा. मला तिथं बरं वाटायला हवं होतं.

गैबीसाबही तिथंच आला. टांग्याची छत्री काढून त्यानं त्याचीच माल वाहायची गाडी केली आहे. अस्मानी ती ओढते. आधी रिकामी गाडी घोडीसकट माझ्यावर चढते, मग भरलेली. मधला फरक म्हणजे लाकूड. लाकडाचा आकडा ठीक येतो. पण रिकाम्या गाडीचा आकडा दर खेपेला थोडा उतरतो आहे. गाडीचं वजन कमी होत नाही, गैबीसाबचंही फारसं नाही. हे कुणी मला विचारलेलं नाही.

एका सकाळी डॉक्टर वखारीत आले. काठी टेकत, पोटाला हात लावून. गैबीसाब रिकामी गाडी घेऊन उभा होता. त्यानं सलाम केला. शिंगराच्या त्या दिवसानंतर ते दोघं समोरासमोर आलेले मी पाहिले नव्हते.

"गैबीसाब, जरा वजन बघ माझं. डोळे काम देत नाहीत आता."

"कशाला, साब?"

"अंतर्गळ आहे. मोठ्या दवाखान्यात आज कापायचंय. तिथला काटा मोडलाय. तरुण डॉक्टर आहे, हुशार आहे. म्हणाला, वजन आणा, त्याप्रमाणे गुंगी देतो." ते थोडं हसले. "म्हटलं, माझा काटा खरा आहे."

ते माझ्यावर चढले. ओळखीचा पाय, फक्त हलका. गैबीसाबनं वजन सरकवत सरकवत पुष्कळ मागं आणलं, तेव्हा दांडी स्थिर झाली.

"एकशे चार रत्तल."

"तेवढंच?"

"तेवढंच."

"मिसरूड फुटलेल्या पोराचंही एवढं असतं," डॉक्टर म्हणाले. उतरले नाहीत.

"तुमी सांगा की त्येला, मी म्हातारा हाय म्हून."

"सांगायला कशाला हवं? त्याला दिसेलच की." डॉक्टर माझ्या गंजलेल्या कोपऱ्याकडं बघत होते. "मलाही दिसत होतं, गैबीसाब, ते शिंगरू आहे म्हणून."

वखारीत कुणीतरी ओंडका फोडत होतं. मग गैबीसाबनं हात पुढं केला.

"उतरा. जपून. गाडीत बसा, मी सोडतो तितं."

"लाकडाच्या गाडीत?"

"टांगाच हाय तो. छत्री तेवडी न्हाई."

डॉक्टर टांग्यात बसल्यासारखे गाडीच्या कडेला टेकले. गैबीसाबनं लगाम हलवला. "चल, अस्मानी. धीरे चल, बेटी." गाडी माझ्यावरून गेली. त्या वेळी मला एकदम तिघांचं वजन कळलं, गाडीसकट. कुणाचं किती, ते वेगळं काढता आलं नाही.

त्यानंतरही गैबीसाब रोज येतो. वजन सरकवतो, आकडा सांगतो, लाकूड भरतो. डॉक्टरांचं काय झालं ते तो हमालांशी बोलत नाही, आणि ते कोण हे हमालांना माहीत नाही. मला विचारता येत नाही. परवा त्यानं खिशातून एक लिंबू काढलं, अस्मानीवरून ओवाळलं आणि माझ्या कोपऱ्यावर पिळलं. ते कशासाठी, याचा अर्थ मी लावू पाहतो आहे. चुकीचाही लागत असेल.

तुम्ही कधी माझ्यासारख्या काट्यावर उभे राहिलात, तर आकडा जरूर घ्या. तो खरा असतो. फक्त तो घेऊन जाताना असं समजू नका, की काट्यानं तुम्हाला पाहिलं आहे.

वखारीत दिवसभर माणसं येतात. हमाल, गिऱ्हाईकं, सरपण न्यायला आलेल्या बाया, गंमत म्हणून उभी राहणारी पोरं. प्रत्येक पाय पडला की मी बघतो. एकशे चार रत्तल पुष्कळदा भरतं. पण तो पाय नसतो.